बारा तुकड्यांची काठवट

बारा तुकडे जोडून एक गोल कडं करायचं म्हणून मला सागवानाची पट्टी दिली होती. मी तिचे बारा तुकडे केले, आणि ते जोडल्यावर पुन्हा पट्टीच झाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे मी हिच्या मामांचे किस्से सांगणार आहे, आणि ते वाचताना मामा तेवढे चक्रम आणि सांगणारा शहाणा, असा समज होण्याचा धोका आहे.

हिचे मामा, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, सेलूत राहायचे. देवाने जगात जेवढ्या म्हणून गोल वस्तू केल्या त्या सगळ्या घाईघाईत केल्या, आणि त्या नीट करण्याचं काम आपल्यावर सोपवलंय, असं मानणारा परभणी जिल्ह्यात हा एकच इसम होता. तहसील कचेरीत नाझर म्हणून उभी हयात गेली. पेन्शन लागल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर भावकीत बांधावरून भांडण काढतात. मामांनी बंद पडलेल्या एका जिनिंगच्या भंगारातून लाकूड कातायचा लेथ उचलून आणला. त्याला मोटार नव्हती. असती तरी तिला वीज नव्हती, कारण सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत सेलूची वीज लेकीसारखी माहेरपणालाच यायची. तेव्हा मामांनी एक जुनी सायकल स्टँडवर उभी केली, रसवंतीच्या चरकाचं जड चाक मिळवलं, मधून पट्टा ओढला, आणि लेथ पायडलवर आणला. या यंत्राला एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे दुसरे पाय. म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याचा तांब्या हातात मिळायच्या आधी सीट मिळायची. एकदा लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले गृहस्थ अक्षता हातात धरून एक अख्खा लाटण्याचा दांडा कातून गेले. माझा मान वेगळा. मी जावई, म्हणून माझ्यासाठी सीटवर टॉवेल अंथरला जायचा.

खिशात पेन्सिल, घडीची फूटपट्टी आणि कुठल्याशा भाच्याच्या कंपासपेटीतून जप्त केलेला कोनमापक घेतल्याशिवाय मामा घराबाहेर पडत नसत. देवगाव फाट्याला एका ओळखीच्यांकडे सांत्वनाला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, मामा मान वर करून दाराची चौकट न्याहाळत होते. निघताना घरच्या थोरल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप लय भला माणूस होता. म्हणूनच सुतारानं फसवलं. ह्यो सांधा पंचेचाळिसात न्हाई." चारठाण्याच्या जुन्या देवळात नेलं, तर गाभाऱ्याकडे न वळता थेट एका खांबाला कवळ घातली आणि गाल टेकून उभे राहिले. दर्शनाच्या बायका खोळंबल्या. मी म्हटलं, "मामा, देव आत आहे." ते म्हणाले, "त्यो कुठं चाललाय? ह्या दगडाची गोलाई मोजू द्या आधी." घरात ताटात भाकर पडली की तिच्यावर पितळी ताटली पालथी घालून कडा बघायचे. मामी चुलीपुढून विचारायच्या, "खायची हाय का मोजायची?" मामा म्हणायचे, "आधी मोजायची." आणि मग पाच भाकरी खायचे. पोळी हे आजाऱ्याचं अन्न आणि भात ही पातळ भाजीची सोय, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

त्याच भाकरीवर गदा आली ती या गोलाईपायीच. मामींकडे त्यांच्या आईची काठवट होती. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. बाभळीच्या एका रुंद बुंध्यातून वाकसाने कोरून काढलेली, काळीभोर, पिठाने आणि तळव्याने आतून गुळगुळीत झालेली. ती जमिनीवर ठेवली की किंचित डुगडुगायची. मामींना त्याचं काही नव्हतं. मामांना त्या डुगडुगण्याने झोप लागत नसे. एका दुपारी मामी बाजाराला गेल्याचं बघून त्यांनी ती लेथवर चढवली. "तळ तेवढा साफ करू. तिला कळणारसुद्धा न्हाई," म्हणाले. सीटवर टॉवेल होता, टॉवेलवर मी होतो. "जरा जोर लावा, जावईबापू," असं मामा म्हणाल्याबरोबर मी जालन्यापर्यंत जायचं असल्यासारखं पायडल मारायला लागलो. लाकडात जुनी चीर असावी. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, अर्धी काठवट लिंबाच्या खोडावर आदळली आणि उरलेली तीन ठिकाणी पसरली.

मामी आल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली, अंगणभर फिरून तुकडे वेचले, पदरात घेतले. "आईची होती," एवढंच म्हणाल्या. मामांनाही नाही, मलाही नाही. लिंबाला म्हणाल्या असतील. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात भाकर झाली नाही. पोळ्या होत, भात होई, ताट वेळेवर वाढलं जाई, चहात साखर बरोबर पडे. मामींनी भांडण काढलं असतं तर मामा त्यात निम्मे मोकळे झाले असते. मामी भांडल्याच नाहीत. मामांनी एकदा ॲल्युमिनियमच्या परातीकडे बघत चाचरत विचारलं, "जर्मनच्या परातीत न्हाई का मळता येत?" तर शांतपणे म्हणाल्या, "मळताना ती परात माझ्यासंग घरभर फिरती." विषय संपला. मामा हात धुऊन अंगणात आले, बंगईवर, म्हणजे साखळ्यांना टांगलेल्या फळीच्या झोपाळ्यावर बसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी पायाने झोका दिला नाही. मला म्हणाले, "काटवट झाली पायजे. त्याबिगर ह्या बाईच्या तोंडाकडं बघायचं धाडस माझ्यात न्हाई."

पण तेवढा रुंद बुंधा आणायचा कुठून? दुष्काळ नुकताच सरला होता, शिवारातली मोठी झाडं आधीच तोडून गेलेली. मामा लाकडाच्या वखारी पालथ्या घालून आले आणि जाहीर केलं की काठवट तुकड्यांची होईल. तळाला जाड पाट, त्यावर एकावर एक कडी रचायची, दर कडं बारा तुकड्यांचं, आणि मग सगळं लेथवर कातून एकजीव करायचं. आळीतला सुतार हसला. "पाण्यात उकलंल, नाझरसाब."

"उकलली तर जल्मात भाकर खाणार न्हाई."

"तशी बी कोण देतंय तुमाला?" सुतार म्हणाला.

मामांनी ते ऐकून घेतलं आणि कामाला लागले. एका जुन्या दाराच्या फळ्या होत्या, त्यातून तळ आणि खालची कडी त्यांनी स्वतः, बोटांनी चाचपत कापली. चाचपत, कारण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि पेन्सिलीची रेघ त्यांना आता दिसत नव्हती. सगळ्यात वरचं, सगळ्यात रुंद कडं उरलं. ते नजरेत भरणार, मामींचा हात रोज त्यावरून फिरणार, म्हणून त्यासाठी त्यांना नवी नजर हवी होती. माझी घेतली. मी तेव्हा सेलूतल्याच शाळेत मराठी शिकवत होतो हे त्यांना माहीत होतं, तरीही घेतली.

काम म्हटलं तर सोपं होतं. एका लाकडी खोक्याला मामांनी तिरपी खाच पाडली होती. पट्टी त्यात सरकवायची, खाचेतून करवत चालवायची, मग पट्टी पालथी घालायची आणि पुन्हा कापायचं. पालथी घातली की पुढचा काप उलट्या बाजूला कलतो आणि तुकडा एका अंगाने रुंद, दुसऱ्या अंगाने अरुंद होतो. असे बारा तुकडे अरुंद अंग आत करून लावले की कडं बंद होतं. मामांनी मला हे तीनदा सांगितलं. मी सरकवणं लक्षात ठेवलं, कापणं लक्षात ठेवलं, आणि तुकडे अगदी एकसारखे यावेत या नादात इतका रमलो की पालथं घालणं राहून गेलं. आले मात्र एकसारखे. सूतभर फरक नाही. सगळे एकाच बाजूला कललेले, रांगेत उभी राहून झोपलेल्या मुलांसारखे. मी ओसरीवर एकाला एक लावत गेलो. रांग वळेना. वळेल, अजून वळेल म्हणत मी बारावा तुकडा लावला तेव्हा पट्टी थेट उंबऱ्याला टेकली होती.

मामांनी गुडघ्यावर बसून तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग माझ्याकडे तोंड केलं. जावयाला उणा शब्द बोलायचा नाही ही त्यांची रीत होती, ती त्यांनी त्या वेळीही मोडली नाही. "जावईबापू, काम लय साफ हाय. पर हे सेलूहून निघालंय ते मानवत रोडला जाईल. फिरून घरी येणार न्हाई."

मी म्हटलं, "दुसऱ्या फळीतून कापतो."

"दुसरी फळी न्हाई."

खरोखरच नव्हती. उलटे कापून ते तुकडे सुधारले असते तर आखूड होऊन कडं चिमणीच्या घरट्याएवढं झालं असतं. मामा अंगणात गेले. तिथे साखळ्या खुळखुळल्या. त्यांची बंगई, दुपारची झोप, संध्याकाळचा दरबार, पेन्शनच्या साऱ्या सुखाची जागा, जुन्या सागवानाची ती रुंद फळी त्यांनी चारही कड्यांतून सोडवली आणि उचलून माझ्यापुढे आणून टाकली. मी म्हटलं, "मामा, हिला राहू द्या. मी औरंगाबादेहून लाकूड मागवतो. आणि कापायला सुतार बघू." मामा म्हणाले, "सुताराला कशाला? त्यानं तर अजून चूक केली न्हाई. तुमची करून झाली. बसा."

मी बसलो. मामा समोर बसले आणि प्रत्येक कापाला "पालथी" म्हणत राहिले. अशा सुरात, की शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, कसला जप चाललाय. बारा तुकडे झाले, लावले, आणि या वेळी रांग वळली. वळत वळत घरी आली आणि शेवटच्या सांध्यापाशी दोन पैशाचं नाणं जाईल एवढी फट ठेवून थांबली. मी म्हटलं, "एवढी काय, चिकटवताना दाबू." मामांनी त्या फटीत अंगठ्याचं नख घातलं. "ही एकट्या शेवटच्याची न्हाई. सगळ्यांनी जराजरा खाल्लंय, अन् ह्याच्या नावावर टाकलंय." मग दर तुकड्याचं टोक काचकागदावर दोनचार वेळा ओढायचं, लावून बघायचं, पुन्हा ओढायचं. माझी बोटं सोलली, शाळेत खडू धरता येईना. पण एका रविवारी त्यांचं नख कुठल्याच सांध्यात शिरलं नाही. ते नुसते "हं" म्हणाले. माझ्या नोकरीत मला इतकं चांगलं प्रमाणपत्र पुढेही मिळालं नाही.

लाकूड चिकटवायचा सरस कातड्याचा असतो म्हणून मामींच्या भांड्याला तो चालणार नव्हता. मामांनी हैदराबादेहून दोन डब्यांतलं काहीतरी मागवलं. दोन्ही एकत्र कालवलं की पाण्यालाही दाद न देणारा लगदा व्हायचा. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कडी आवळून ठेवली. आणि मग तो दिवस आला. काठवट लेथवर चढली, मी टॉवेलवर चढलो, आणि बघतो तर तुकडे वेचून नेल्यापासून त्या अंगाला न फिरकलेल्या मामी दारात येऊन उभ्या. मी पाय पायडलवरून खाली घेतले. मामांनी पटाशी टेकवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हळू. कुटंच जायचं न्हाई आपल्याला." मी मढ्यामागून चालावं तशा चालीने पायडल मारत राहिलो. सागवानाचा पिवळा भुसा मामांच्या भुवयांवर बसत गेला. लाकूड घुमत राहिलं. काहीही फुटलं नाही.

मामांनी ती पाण्याने काठोकाठ भरली आणि दिवसभर शेजारी जमिनीवर बसून राहिले. बसायला बंगई नव्हतीच. सुतार दोनदा येऊन बोट फिरवून गेला. दुसऱ्या वेळी बोट कोरडं बघून तोही तिथेच बसला. संध्याकाळी मामींनी पाणी ओतून दिलं, ज्वारीचं पीठ घेतलं, मळलं. भाकर थापली, तव्यावर टाकली, फुगली. मामांच्या ताटात पडली. आम्ही सगळे पितळी ताटलीची वाट बघत होतो. मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. भाकर न मोजता मोडली आणि मान खाली घालून खाल्ली. मामी म्हणाल्या, "अजून एक टाकू का?" इतक्या दिवसांत त्यांनी आपण होऊन काही विचारलं असेल तर ते हेच.

आता मामा नाहीत. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचे डोळे स्वच्छ झाले होते, पण त्यांनी काठवटीचे सांधे पुन्हा कधी तपासले नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लेथ अंगणात झाकून ठेवलेला आहे, रसवंतीच्या चाकावर चिमण्या बसतात. परवा सेलूला गेलो होतो. मामी भाकरी थापत होत्या, मी चुलीशेजारी बसलो होतो, आणि पट्ट्याखालून ती घरघर पुन्हा ऐकावी असं मला फार वाटायला लागलं. मी म्हटलं, "मामी, मामांचं काम बंद पडू नये. सुट्टीत येऊन मीच लेथवर बसतो."

मामींनी भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली, आणि तव्याकडेच बघत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. तुमी शिकेस्तोवर पुरंल एवढं लाकूड आता ह्या घरात न्हाई."