पान एकशे अठ्ठ्याऐंशी

“मॅडम, एकच सांगा. दौलतनं रजिस्टरचं पान फाडलं का नाई फाडलं?”

सकाळचे आठ वाजले होते. मी अकोला स्टेशनवर बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. फोनवर पुष्पा होती.

“नाही फाडलं,” मी म्हणाले. “पान हरवलं. कोणी काढलं ते शेवटपर्यंत कळत नाही.”

“पक्कं?”

“अगं, अख्खं पुस्तक मी वाचलंय. तुझ्यासाठीच वाचलंय.”

“म्हणूनच तुमाले इचारून राहिली. काल वर्गात सर म्हणे, फाडलं. सोताच्या हातानं फाडलं अन् चुलीत घातलं. सगळा वर्ग हासला माह्यावर.”

गाडी आली, बोलणं तुटलं. मला खिडकीजवळ जागा मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तीनदा उठून दारापाशी गेले आणि परत येऊन बसले. समोरच्या बाईनं विचारलं, काही हरवलं का? मी म्हटलं, नाही.

पुष्पाला जन्मापासून दिसत नाही. घरचे लोक मूर्तिजापूरजवळ वांगी, टमाटे लावतात. ती अमरावतीला होस्टेलवर राहून मराठीत एम. ए. करते. तिच्यासारख्यांसाठी आमची संस्था पुस्तकं रेकॉर्ड करते आणि ती वाचण्याचं काम मी करते. त्याआधी अठरा वर्षं मी अकोल्यात रेडिओवर कॅज्युअल अनाउन्सर होते. आवाज हेच माझं हत्यार. आठवड्यातून चार दिवस अकोला ते अमरावती आणि परत.

या कामाचे नियम सोपे आहेत. नाटक करायचं नाही. खलनायक आला म्हणून आवाज जाड करायचा नाही आणि म्हातारी आली म्हणून थरथरायचं नाही. छापलंय ते सगळं वाचायचं, तळटीपासुद्धा. पान उलटलं की पानाचा आकडा सांगायचा. पोट रिकामं ठेवायचं नाही, कारण पोटाचा आवाजही माइक पकडतो. उन्हाळ्यात पंखा, कूलर सगळं बंद. ओला टॉवेल मानेवर टाकून वाचायचं. शेवटी चेकिंग. म्हणजे दुसऱ्या माणसानं पुस्तक हातात धरून सगळं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि काही सुटलंय का ते बघायचं. दुसऱ्या माणसानं. हे महत्त्वाचं आहे.

त्या कादंबरीचं चेकिंग मी स्वतःच केलं होतं. चेकिंग करणाऱ्या बाई रजेवर होत्या. पुष्पाचा सेमिनार तोंडावर होता. घाई होती.

कादंबरी दौलत नावाच्या माणसाची आहे. तो धरणाच्या दरवाजांवर ऑपरेटर आहे. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा असतो, म्हणजे खाली नदीपात्रात असलेली माणसं बाहेर निघतात. बावीस वर्षांत त्याचा भोंगा एकदाही चुकलेला नाही. एके दुपारी चुकतो. खाली दोन जीव जातात. रजिस्टरात त्या दिवसाचं पान असतं. भोंग्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही आणि ड्यूटीच्या रकान्यात दौलतची सही आहे. पुढे ते पान गायब होतं. ठपका त्याच्या मदतनिसावर, किसनवर, येतो. किसन तुरुंगात जातो. दौलत गप्प राहतो.

मला दौलत आवडला होता. त्यात हळवं काही नाही. तो चहाची कपबशी धुऊन उपडी ठेवतो. कोणी सांगितलेलं नसताना भोंग्याला तेल देतो. कामात नीट असलेली माणसं मला आवडतात, आणि नीट माणसाची एकच चूक झाली की मी लगेच त्याची बाजू घेते. वाचताना वाटायचं, याला कोणीतरी सोडवा.

ऑफिसला पोचले ती चप्पल न काढता कपाटाकडे गेले. पुस्तक काढलं. पान एकशे सत्त्याऐंशीचा शेवट वाचला. पान उलटलं. एकशे अठ्ठ्याऐंशीची पहिलीच ओळ होती: ‘रजिस्टरातलं ते पान त्याने स्वतःच्या हाताने फाडलं आणि चुलीत घातलं.’

मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. मग रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज म्हणाला, “पान एकशे अठ्ठ्याऐंशी,” आणि सरळ दुसऱ्या वाक्यावर गेला.

त्या वाक्याशिवाय दौलत फक्त गप्प राहणारा माणूस आहे. त्या वाक्यासह तो पुरावा जाळणारा माणूस आहे. पुष्पानं कालच्या सेमिनारमध्ये नेमकं उलटं मांडलं होतं, की दौलत भित्रा आहे, लबाड नाही. सरांनी तिच्या टिपणावर शेरा मारला, ‘मूळ पुस्तक वाचलेले नाही.’ मागून कोणीतरी म्हणालं, गाइड ऐकलं असंल. जी मुलगी गाइडला हात लावत नाही, तिला हे ऐकावं लागलं. इंटर्नलचे मार्क गेलेच, शिवाय वर्गात ती आता खोटं बोलणारी ठरली.

आमचे रेकॉर्डिस्ट वानखडे भाऊ काचेपलीकडे बसतात. माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, कादंबरीची रॉ फाइल आहे का?”

रॉ फाइल म्हणजे कापाकापी न केलेलं मूळ रेकॉर्डिंग. त्यात चुका, खोकला, पाण्याचा घोट, सगळं असतं.

“हाये न. पण ऐकूनच काय करता?”

“एडिटिंगमध्ये एक वाक्य गेलंय वाटतं.”

त्यांनी फाइल लावली. हेडफोन पुढे केला.

पान उलटल्याचा आवाज. माझा आवाज: “पान एकशे अठ्ठ्याऐंशी. रजिस्टरातलं ते पान त्याने...” मग काही नाही. खुर्ची करकरली. मी म्हणाले, “थांबा भाऊ, आवाज फाटला. परत घेते.” पाण्याचा घोट. मग वानखडेंचा आवाज, काचेपलीकडून, “ताई, वाक्य झालं का?”

आणि माझा आवाज, अगदी स्वच्छ, “झालं. पुढचं घ्या.”

वाक्य झालं नव्हतं.

हेडफोन काढला तेव्हा कान गरम झाले होते. मुद्दाम केलं का? मला आठवत नाही. आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण चेकिंगच्या वेळी पुस्तक माझ्या हातात होतं, ओळ डोळ्यांसमोर होती, आणि मला ती दिसली नाही. सकाळी फोनवरही मी छातीठोकपणे सांगितलं, फाडलं नाही.

“म्या तवाच इचारलं होतं,” वानखडे म्हणाले. एवढंच. आणि चहाला गेले.

दुपारी सचिव साबळे सरांनी बोलावलं. पुष्पाच्या कॉलेजच्या मराठी विभागाचा फोन आला होता. ते म्हणाले होते, रेकॉर्डिंगमध्येच दोष असेल तर तसं लेखी द्या, मुलीला सेमिनार परत देऊ. शनिवारपर्यंत द्या. मी सरांना सुटलेलं वाक्य दाखवलं.

“सोपं आहे,” साबळे सर म्हणाले. “तांत्रिक बिघाडामुळे एक वाक्य वगळलं गेलं. सही, शिक्का, संपलं.”

“तांत्रिक म्हणजे कोणाचा, सर?”

“मशीनचा.”

“मशीन वानखडे चालवतात.”

“गावंडे मॅडम, साडेतीनशे पानांत एक वाक्य आहे! तुम्ही तर असं बोलून राहिल्या जसा खून झाला.”

“त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात आहे ना रिन्यूअलला?”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “ते मी बघतो. आणि हो, त्या रॉ फाइली काढून टाका. हार्डडिस्क भरली आहे, वानखडेच मागे लागले होते.”

हे खरं होतं. वानखडे महिनाभर मागे लागले होते. मी फाइल पुसली असती तर कोणी विचारलंही नसतं.

बाहेर आले तर वानखडे वायर गुंडाळत होते. मी त्यांना सरांचं म्हणणं सांगितलं.

“लिहा न मंग,” ते वर न बघता म्हणाले. “बिघाड तं बिघाड. मशीनले थोडंच तोंड असते? अन् मले बी कोन इचारते.”

ते दुसऱ्या खोलीत गेले. मी कॉम्प्युटरसमोर बसले. फाइल निवडली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायची का?

अशा वेळी माणसाच्या मनात मोठे विचार येतात असं लोकांना वाटतं. माझ्या मनात आलं, की संध्याकाळची गाडी चुकायला नको. मग आलं, वाक्य एकच आहे, पत्रात बिघाड लिहा की खरं लिहा, पुष्पाचं काम होतंय, तिला सेमिनार परत मिळतोय, मग कोणाचं काय बिघडतं? सगळं कसं रीतसर पटत गेलं. पायाची बोटं मात्र सारखी हलत होती. उठले. खिडकी उघडली, धूळ आत आली, बंद केली. परत बसले. प्रश्न तसाच समोर.

दौलतलाही असंच पटलं असणार. तो काही चुलीसमोर दात विचकत बसला नसेल. त्यालाही कुठेतरी वेळेवर पोचायचं असेल.

मी ‘नाही’ दाबलं. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन वानखडेंच्या हातात दिली.

“हे काय?”

“तुमचा प्रश्न आहे यात. आणि माझं उत्तर. तुमच्याजवळ ठेवा.”

त्यांनी पेनड्राइव्ह उलटापालटा करून पाहिला. “ताई, तुमीच तं म्हणता, घरी न्यायचं नाई म्हणून. नियम हाये.”

“मग कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. आता डोकं खाऊ नका.”

ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

पत्र मी चार ओळींचं लिहिलं. वाक्य वाचकाकडून सुटलं. चेकिंगही वाचकानेच केलं, जे नियमाविरुद्ध होतं. विद्यार्थिनीने आमचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं होतं, त्यामुळे तिच्यावरचा शेरा चुकीचा आहे. तांत्रिक बिघाड नव्हता. खाली माझी सही.

साबळे सरांनी ते दोनदा वाचलं. “याचा परिणाम होईल.”

“होऊ द्या. फक्त शनिवारच्या आत पोचवा.”

पत्र गेलं. ते वाक्य मी परत रेकॉर्ड केलं. एका वाक्याला पाऊण तास लागला. पहिल्यांदा दुःखी आलं, नंतर रागावलेलं. वानखडे काचेपलीकडून म्हणत होते, “ताई, सपाट. सपाट वाचा. भाजीचा भाव सांगून राहिल्यासारखं.” सातव्या वेळी जमलं.

पुष्पाला मी स्वतः भेटायला गेले, होस्टेलवर. खरं काय झालं ते सांगितलं. मध्ये न थांबता, कारण थांबले असते तर सारवासारव केली असती.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “म्हंजे तुमाले त्याची दया आली.”

“हो.”

“अन् मले येनार नाई असं वाटलं का तुमाले? सगळं कळल्यावर?”

तसा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

“मॅडम, तुमाले दिसते म्हणून तुमी वाक्य गाळू शकता. मले तं गाळलेलं बी दिसत नाई.” आवाज चढला होता. “मी तुमच्या आवाजावर पैज लावून बसली होती तिथं. सरले म्हटलं, पुस्तक चूक असंल, माही मॅडम चुकत नाई.”

चहा आला. ती प्यायली नाही. मीही नाही.

सेमिनार परत झाला. सरांनी शेरा खोडून खाली सही केली. पुष्पानं काय मांडलं ते मी विचारलं नाही. तिनंच नंतर फोन केला.

“म्या सांगतलं, दौलत लबाड हाये. पान जाळलं त्यानं, किसनले आत पाठवलं. अन् तरी मले त्याची दया येते. काहून येते ते वीस मिनिटं सांगतलं. कोनी हासलं नाई.”

“मग मला वाटत होतं तेच तुलाही वाटलं की.”

“नाई मॅडम. पहिले होती ते तुमची दया होती. आता हे माही हाये.”

परिणाम झाला तो असा. अभ्यासक्रमाची पुस्तकं त्या सत्रापुरती माझ्याकडून काढून घेतली. मी वाचलेली जुनी सगळी रेकॉर्डिंगं परत तपासली गेली. आणखी दोन वाक्यं सुटलेली निघाली, दोन्ही बिनमहत्त्वाची. निदान तपासणाऱ्या बाईंनी तसं लिहिलं. तोवर मला सोयाबीनवरच्या किडींची माहितीपुस्तिका वाचायला दिली. खोडमाशीबद्दल मला कसलीही सहानुभूती वाटली नाही. काम वेळेत पूर्ण झालं. वानखडेंचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं.

या धंद्यात शिकण्यासारखं त्यातून एवढंच, की वाचणाऱ्यानं स्वतःचं चेकिंग करू नये. नियम आधीपासून होता. मी तो मोठ्या अक्षरात छापून काचेवर चिकटवला आहे, माझ्या बाजूनं.

पान उलटलं की वानखडे अजून विचारतात, “ताई, वाक्य झालं का?”

आता मी पानाकडे बघून उत्तर देते.