मायनं सरळ करून घेतलेला तुकडा

दिनू गेला.

आज सकाळी, हैदराबादला. माझा धाकटा भाऊ. जायचा नंबर माझा होता.

ऐंशीच्या दशकात आमच्या बेला गावातून शिकायला गेला अन् पुढं पोलादाच्या लॅबमध्ये लागला. वायू अतिशय थंड करून पाण्यासारखा पातळ करतात. तो भरायच्या टाक्यांचं पोलाद मजबूत करायचं, हे त्याचं काम.

माय म्हणायची, "थंडीनं विळा फुटलेला मी तं नाही पाह्यला बापा."

"माय, त्या थंडीपुढं आपला पौष म्हंजे वैशाख. साधं पोलाद काचेवानी फुटते. अन् जास्त कडक केलं तं आणखीच लवकर."

"मंग?"

"दळण जाडं राह्यलं का भाकर फाटते ना? तसा पोलादाचा कण बारीक करून पाहून राह्यलो."

दसऱ्याला घरी यायचा तेव्हा टेस्टमधले बोटाएवढे तुकडे खिशात असायचे.

सगळे मोडलेले.

खांडेनवमीला माय ते विळ्या-कुऱ्हाडीशेजारी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची.

शेजारची काकू टोचायची, "मोडकं काऊन पुजून राह्यली वो?"

"माह्या लेकाची मेहनत हाय ते."

दिनू मान खाली घालायचा. माय आहे तोवर एक तरी अखंड तुकडा त्या पाटावर ठेवायचा, एवढंच त्याच्या मनात.

नव्वदनंतरच्या एका दसऱ्याला त्यानं तो आणला. थंडीत हातोड्याचा मार खाऊन वाकलेला, पण अखंड. मायच्या हाती दिला अन् कामानं बोथ गावी गेला.

पूजेत वाकडं कसं मांडायचं?

माय उठली, लोहाराकडं गेली, तापवून ठोकून सरळ करून आणला.

दिनू परतला. पाटावर तुकडा, सुतासारखा सरळ.

मी म्हटलं, "माय, वाकलं पण मोडलं नाही, हेच तं त्याचं यश होतं."

मायचा चेहरा उतरला.

दिनूनं तुकडा उचलून चाचपला. "लय ठोकलं का लोहारानं?"

"लय ठोकलं रे. पन फुटलं नाही."

"मंग झालं तं. पास झालो मी."

माय हसली.

तापलेलं पोलाद असं फुटत नसतं. लोहाराच्या ठोक्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण मायला त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तो तुकडा माझ्या देवघरात आहे. आज नवमी नाही, तरी हळदकुंकू वाहून हैदराबादला निघालोय.

अखेरचा रामराम, दिनू.

माय भेटली तर तेवढं सांगू नको.