आक्कांनी पाखरं वाटून दिली

न्हाई, पाखरं पिकाचं नुसकान करत न्हाईत, आसं मी म्हननार न्हाई. करत्यात. लय करत्यात. आक्कांच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तकात जो उठंल तो पाखरांचं ग्वाडग्वाड लिवील, म्हनून आधीच सांगून टाकलं. माझी शाळा चौथीपतूर, पुढं पलटन. वळनदार लिवाया मला येत न्हाई.

आक्कांची न् माझी पैली वळख झाली ती धोंड्यानं. पेन्शन घिऊन कडेगावाकडं गावी आलो, आमच्या बांधानं चाललो हुतो, तर कानाजवळनं गोफनीचा धोंडा सुंईऽ करून गेला. शेजारच्या शाळवाच्या जुंधळ्यात राखनीच्या माळ्यावर आक्का उभ्या. म्हनल्या, "हवालदार, वाकून चाला. पाखरं तुमच्या टोपीच्याच उंचीवर बसत्यात." माफीबिफी काय न्हाई. तवाच कळलं, बाई कामाची हाय.

मग कॅनॉलचं पानी आलं न् समद्यांनी ऊस लावला. मीबी लावला. शाळू ऱ्हायला एकट्या आक्कांचा. हळूहळू सकाळी आंगनात चिमनी दिसंना, तांदूळ टाकलं तर मुंग्या खायच्या. ऊस काय पाखरानं चोखायचा? जी थोडी उरली, ती समदी आक्कांच्या कनसांवर. एका साली घरात नुसता कडबा आला. त्यांचा ल्योक सुरेश म्हनला, "आये, आता एकच साल. न्हाई पिकलं तर हितंबी ऊस." त्याचं तरी काय चुकलं?

आक्कांनी तोंड पाडलं न्हाई. ऊस मोडून ज्याचं रान रिकामं हुतं त्याचं दार वाजवलं. माझ्या सोप्यात बसून म्हनल्या, "एकएक तुकडा शाळू करा. पन समद्यांनी एकाच आठवड्यात पेरा. कनसं एकदम चिकात आली, दानं दुधाळ भरलं, की पाखरं वाटली जातील. परत्येकाचं थोडंथोडं खातील, कुनाचंच रान बुडनार न्हाई."

मी म्हनलं, "म्हंजी तुमची पाखरं आमच्या गळ्यात?"

"आवं, पाखरं गावाची. आजवर मी एकटी पोसत हुते. आता तुमीबी पोसा की."

ठरल्या आठवड्यात मीबी एक तुकडा पेरला.

त्यात आमच्या गावचा धोंडिबा लय शाना. समद्यांच्या आधी पेरून मोकळा झाला. त्याची कनसं आधी भरली न् शिवारातली पाखरं त्याच्याच रानात. आमी पोट धरून हसलो. आक्का मातूर दुखतं गुडघं घिऊन त्याच्या माळ्यावर चढल्या. आमचा शाळू चिकात येस्तवर रोज पत्र्याचा डबा बडवत बसल्या.

धोंडिबा खालनं वरडायचा, "आक्का, उतरा, पडशीला!"

"तू गप रं. घाई करताना मला ईचारलं हुतंस का?"

सोताचं आख्खं साल पनाला लागलेलं, आन् ह्या दुसऱ्याचं रान राखत्यात. आसं मानूस मी पलटनीतबी थोडंच बघितलं.

मग समदी कनसं एकदम भरली न् पाखरं फाकली. नुसकान झालं, परत्येकाचं झालं. पन पोती परत्येकाच्या घरात आली. आक्कांच्याबी आली. पोती उतरवून सुरेश घाम पुसत म्हनला, "आये, पुढल्या साली कवा पेरायचं त्ये आधी सांग. धोंडिबाकाकागत फजिती नको." उसाचं नाव त्यानं परत काढलं न्हाई.

तवापासनं दरसाल आसंच चाललंय. मळनीच्या जागी सांडल्याल्या दान्यांवर चिमन्यांचा नुसता दंगा. हिरीवरच्या बाभळीला सुगरनींची घरटी लोंबत्यात. साळुंक्या तर पहाटं झोपू देत न्हाईत. तक्रार कुनाकडं करायची? आक्का म्हनत्यात, "हवालदार, फौजेत बिगुल चालत हुता न्हवं?"

आक्कांनी शंभरी गाठावी. दात धड ऱ्हावंत, नजर धड ऱ्हावी, आमच्याशी भांडायचा दम टिकावा. पुस्तकवाली पोरं म्हनत्यात, आजून एक पान लिवा. न्हाई लिवनार. सांगायचं त्ये सांगून झालं.