गवताचा तोटा

सुक्या गवताचा वास आला की मला आयकराची कचेरी आठवते. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली कर्जतला वडिलांच्या विक्रीच्या गवताच्या गंज्या जळाल्या, म्हणून त्यांनी पुढच्या साली भाताची गिरणी घातली. गिरणीच्या नफ्यातून तो तोटा वजा व्हावा, असा अर्ज मी, घराण्यातल्या पहिल्या बी.ए.ने, तीनदा लिहिला. साहेब म्हणाले, “गवताचा तोटा गवताच्याच नफ्यातून वजा होतो. तो धंदा चालू आहे?” वडील म्हणाले, “जळला ना सायेब! राख हाय, चालंल?” मी चिडून कायद्याचं पुस्तक मागितलं, तर ओळ साहेबांच्याच बाजूची निघाली. दुसऱ्या दिवशी वडील कशेळ्याला गवताचा सौदा करून आले. “कागदापायी धंदा करायला पायजे ना रं, बीए?” नेमका त्या साली गवताचा भाव पडला. नफाच नाही, तर तोटा वजा कशातून होणार? माझं डोकं अजून तापतं.