कुंपण कापायचं यंत्र

दुकानदाराने दोरी ओढली आणि कुंपण कापायचं ते पेट्रोलचं यंत्र गुरगुरलं. पात्याचे दात एकमेकांवरून सरसरू लागले. "वर्षातून दोन-तीनदाच वापरणार ना, काका? मग हे हलकंच घ्या," म्हणत त्याने बटणावरचं बोट काढलं. पातं लगेच थांबलं नाही. क्षणभर ते आपलं आपणच चालत राहिलं.

मी एक पाऊल मागे सरलो.

आमच्या बंगलीभोवतीचं मेंदीचं कुंपण मी इतकी वर्षं मोठ्या कात्रीने कापतो. माझी बायको सुमन पुढे उभी राहून फांद्या धरते. मध्येच हात आत घालून बुलबुलाचं घरटं तर नाही ना, ते चाचपते. "अहो, थांबा," म्हणाली की कात्री जागच्या जागी थांबते. या आवाजात तिची हाक मला कुठून ऐकू येणार? आणि आली, तरी त्या क्षणभराचं काय?

"कापताना जवळ कुणाला उभं करू नका हं," दुकानदार म्हणाला. "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही," सुमनचं नावही त्या पात्याजवळ नको म्हणून मी घाईने म्हणालो, "मी एकटाच असतो."

यंत्र केव्हाच बंद झालं होतं. तरी माझेच शब्द कानावर पडले, जणू सुमन आता उरलीच नव्हती, आणि अंगावर सर्रकन काटा आला.