परवाना महागला त्या दिवशी

पायी आलेला माणूस कचेरीच्या रांगेत हेल्मेट घालून उभा दिसला, तर त्याला तोंड लपवायचंय हे ओळखावं. मी लगेच ओळखलं, कारण भर उन्हात माझंही तोंड मफलरमध्ये होतं.

तलावावर गळ टाकायच्या परवान्याची फी यंदा एकदम वाढली. आदल्या संध्याकाळी काठावर आम्हा हौशी मंडळींपुढे मीच भाषण ठोकलं होतं, "एकानेही परवाना काढायचा नाही!" टाळ्याही पडल्या. घरी आलो आणि गळाविना रविवार डोळ्यांपुढे उभा राहिला. सोफा, मी आणि त्याच त्या बातम्या. दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून गुपचूप कचेरी गाठली.

"या पुढारी," हेल्मेटमधून आमच्याच मंडळीतल्या देशमुखकाकांचा आवाज आला. "भाषण झकास झालं हो! बाकीचे पुढे आहेत बघा."

खरंच, अख्खा बहिष्कार रांगेत उभा होता. आधी सगळ्यांनी माना खाली घातल्या, मग एकाला हसू फुटलं आणि रांगच्या रांग हसत सुटली.

एखादी गोष्ट महागली, की ती आपल्याला किती सोडवत नाही ते कळतं. मासे काय, बाजारातही मिळतात.

त्या रविवारी माझा गळ आधी बाभळीत अडकला, मग माझ्याच टोपीत. तिसऱ्यांदा मात्र दोरी ताणली गेली. "ओढू नका, ढील द्या!" काका ओरडले. हातभर रोहू काठावर आला, आणि स्वतःच्या शब्दाला न जागलेले आम्ही सगळे त्याच्याभोवती चिखलात वरातीसारखे नाचलो.