दुसऱ्या अंतऱ्याला उशीर

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजानं मला परिसंवादाला बोलावलं. विषय होता 'संगीत आणि कादंबरी'. असले विषय ज्यांना सुचतात त्यांना दुपारची झोप चांगली लागत असणार. माझ्या शेजारी पुण्याहून आलेले एक कादंबरीकार बसले होते. खादीचा झब्बा, खांद्यावर उपरणं आणि बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांच्या कादंबरीचं प्रत्येक प्रकरण म्हणे एकेका रागात आहे. पहिलं भैरवात, शेवटचं भैरवीत. मारव्यातलं प्रकरण लिहिताना त्यांना ताप भरला होता. समोरच्या बायका माना डोलवत होत्या. मी ती कादंबरी वाचली आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात, आणि तो आवाज ह्या गृहस्थांचा आहे.

मग सूत्रसंचालक बाईंनी माइक माझ्याकडे सरकवला. "मॅडम, तुम्ही लिहिताना काय ऐकता?"

"आमच्या ह्यांना ऐकते," मी म्हणाले.

हशा पिकला. पुण्याच्या पाहुण्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलाकडे बघून हसतात तसं हसले. बाई विनोदी लिहीत असतील असं त्यांना वाटलं असावं. मी विनोदानं एक अक्षर बोलले नव्हते.

आमचे हे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, आता जग बघू. जग राहिलं बाजूला, वर्षभर त्यांनी हॉलमधला पंखा बघितला. सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. टीव्ही चालू, पण बघायचे नाहीत. पेपर पुढ्यात, पण पान उलटायचं नाही. पॅन्ट कमरेत ढिली व्हायला लागली. काय होतंय म्हणून विचारलं की "कुठं काय?" एवढंच उत्तर. मी मोठमोठ्या कादंबऱ्यांत माणसांना मरणाच्या दारातून ओढून आणलेली बाई, पण घरातल्या एका माणसाला खुर्चीतून उठवता येईना. त्या वर्षी मी फार घाबरले होते.

मग खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर ह्यांना कराओके मंडळात घेऊन गेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकतात आणि नुसतं वाजवणं ठेवतात, त्याला ट्रॅक म्हणायचं. तो स्पीकरवर लावायचा. पडद्यावर गाण्याचे शब्द सरकत जातात, म्हणायची वेळ आली की शब्दांचा रंग बदलतो, आणि आपण माइक धरून त्या मोठ्या गायकाच्या रिकाम्या जागेत उभं राहायचं. सोलापुरात हल्ली हे घरोघरी लागलंय. बँकेतून सुटलेला माणूस गातो, दातांचा डॉक्टर गातो, ज्यानं उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक मारली नाही तो गुडघ्यावर बसून प्रेयसीला आळवतो. एप्रिलच्या उन्हात कुत्री गाडीखालून बाहेर येत नाहीत, आणि हे लोक कोट घालून, गळ्यात रेशमी रुमाल बांधून प्रेमात पडायला निघतात. गाणं कसंही होवो, खाली बसलेले सगळे टाळ्या वाजवतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो.

आमच्या घरीही गुडघ्याएवढा स्पीकर आला. त्याला लाल-निळे दिवे. ह्यांनी एक जुनं हिंदी गाणं धरलं. गाण्याचं नाव सांगत नाही, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. सकाळी अंघोळ झाली की सुरू. मी आतल्या खोलीत दार लावून लिहायला बसायचे, तर भिंत मधे असून नसल्यासारखी. पहिल्या आठवड्यात मी कानात कापूस घातला. दुसऱ्या आठवड्यात माहेरी जाईन म्हणाले. माहेरी आता कोण आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ह्यांची भूक परत आली, दाढी रोज व्हायला लागली, तेव्हा मी कापूस काढून टाकला आणि मुकाट ऐकत बसले.

तेव्हा मी पाचवी कादंबरी लिहीत होते. म्हणजे लिहितेय असं लोकांना सांगत होते. नायिका थोर शास्त्रीय गायिका. मी रागदारीवरची पुस्तकं आणून वाचली होती, आणि प्रत्येक वाक्यात एक तरी स्वर विरघळत होता, एक तरी तान आभाळाला भिडत होती. पुण्याच्या पाहुण्यांना मी नावं ठेवते, पण त्यांचंच दुकान मीही मांडलं होतं. फरक एवढाच, मला ताप आला नाही.

आणि भिंतीपलीकडून हे चुकायचे. रोज एकाच जागी. पहिला अंतरा बरा जायचा. मग व्हायोलिनं वाजायची, बासरी वाजायची, आणि दुसरा अंतरा सुरू व्हायचा तेव्हा ह्यांना अर्धी ओळ उशीर. मग उरलेली ओळ घाईघाईनं गिळत ट्रॅकच्या मागं पळायचं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. त्याला गाणारा आहे की मेला, काही देणंघेणं नसतं.

माझे वडील धान्याचे व्यापारी होते. सोमवारी गल्लीतल्या मठात कानडी भजन असायचं, तिथं ते तबल्यावर बसत. गाणारे सगळे म्हातारे, कुणी ओळ विसरायचा, कुणाला मधेच ठसका लागायचा. वडील तोच ठेका फिरवत राहायचे, म्हाताऱ्याला ओळ सापडेपर्यंत. ऐकणाऱ्याला वाटायचं, इथं एवढंच वाजवायचं असतं. ते आठवलं आणि मी माझीच पानं काढून वाचली. माझी सगळी माणसं वेळेवर बोलत होती. एकानं विचारलं की दुसऱ्याचं उत्तर तयार, तेही अलंकार घालून. घरात, बाजारात, दवाखान्यात कुणी असं बोलतं का? माणसाला प्रश्न कळायलाच वेळ लागतो. तो भलतंच काहीतरी म्हणतो आणि खरं उत्तर देतो ते चपला घालताना. मी माझ्या माणसांना थांबायला जागाच ठेवली नव्हती. नुसता ट्रॅक लावून दिला होता.

थोर गायिकेला मी कादंबरीतून हाकलली. तिच्या जागी एक निवृत्त कारकून आला. गाण्याचा नाद, गळ्यात रुमाल आणि दुसऱ्या अंतऱ्याला अर्धी ओळ उशीर. सुरुवातीला मी त्याच्यावर सूडच उगवत होते, खोटं कशाला बोलू. पण तो बोलायलाही उशीर करायचा, रडायलाही उशीर करायचा, आणि त्यामुळं जिवंत वाटायचा. पानांमागून पानं व्हायला लागली. ह्यांनी सकाळी स्पीकर लावला नाही तर मीच विचारायचे, "का हो, आज गाणं नाही वाटतं?" ह्यांना वाटायचं, बायकोला आवडायला लागलं.

ह्यांना ऐकू कमी येत होतं, हे तोवर घरात सगळ्यांना कळलं होतं, ह्यांना सोडून. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, बेल वाजून माणूस परत जायचा. पुण्याहून मुलीनं फोनवर सांगितलं, बाबांचे कान दाखवून घ्या. दाखवले. डॉक्टरांनी कानात मशीन घालायला सांगितलं. हे म्हणाले, "तुम्हीच लोक तोंडातल्या तोंडात बोलता. नीट बोला की."

मशीन का नको, ते मला माहीत होतं. मंडळात आणखी एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी कानात मशीन घातलं. सेक्रेटरींनी त्यांचा मोठ्या आदरानं सत्कार केला आणि त्यांच्याकडे पुष्पगुच्छांचं काम दिलं. तेव्हापासून मास्तर स्टेजच्या कडेला ताट धरून उभे असतात, कुणी मोठा माणूस आला की गुच्छ पुढं करतात. गायला त्यांना परत कुणी उभं केलं नाही. ह्यांना गुच्छांचं ताट नको होतं. आणि मला ह्यांचं परत खुर्चीत बसणं नको होतं. त्यामुळं मशीनचा विषय मीही काढला नाही.

मंडळात ह्यांचं निभत होतं ते पडद्यामुळं. व्हायोलिनं कधी संपली हे ह्यांना कळत नसे. शब्दांचा रंग बदलला की हे सुरू करत. बघून सुरू करायचं म्हणजे उशीर होणारच, पण आपल्याला उशीर होतो हेही ह्यांना ऐकू येत नव्हतं. मंडळात कोण कुणाला चूक सांगतो? तिथं सगळे एकमेकांना वाहवा म्हणतात आणि चहा पितात.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असतो. भाड्यानं हॉल, पाहुणे, बॅनरवर सगळ्यांचे फोटो. ह्या वर्षी सेक्रेटरींनी नियम काढला, पडदा नाही, मोबाइल नाही, गाणं पाठ करून म्हणायचं. बघून म्हणणं हे गाणं नव्हे, वाचन आहे, असं ते म्हणाले. स्वतः त्यांचा सूर लागत नाही, पण पाठांतर उत्तम. जो चुकेल त्याला पुढच्या वर्षी प्रेक्षकांत बसवायचं, असंही ठरलं.

शब्द तर ह्यांना झोपेतही पाठ होते. प्रश्न होता सुरू कधी करायचं. जेवताना म्हणाले, "कार्यक्रमाला तू पहिल्या रांगेत बस."

"मी? तुमच्या त्या कोटवाल्यांत? मला नाही जमायचं."

"बस की. सगळ्यांच्या बायका बसतात." मग आमटी वाढून घेतली, भात कालवला, आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्याला जरा मान हलव. म्हणजे मला कळेल."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर ते एवढंच. मी बरं म्हणाले. कादंबरीकार बाईंच्या कानावर त्यांचा विश्वास होता. माझाही होता. ते गाणं तोवर माझ्या हाडांत गेलं होतं.

कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला दातांच्या डॉक्टरांची बायको, दुसऱ्या बाजूला कुणीतरी अत्तर ओतून आलेले गृहस्थ. आमचे हे स्टेजवर आले. कोट कुणाचा तरी मागून आणलेला, पण अंगावर चांगला दिसत होता. पहिला अंतरा मुलीची शपथ छान झाला, मला खरंच अभिमान वाटला. मग व्हायोलिनं सुरू झाली. ह्यांनी माइक छातीशी धरला आणि माझ्याकडे बघायला लागले. सगळा हॉल सोडून फक्त माझ्याकडे. व्हायोलिनं गेली, बासरी आली, बासरी गेली, मी मान हलवली आणि हे अगदी माझ्या मानेबरोबर सुरू झाले.

अर्धी ओळ उशीर झाला होता.

मागं कुणीतरी हसलं. हे घाईघाईनं ट्रॅकच्या मागं धावले, शब्द गिळले, एक ओळ गाळली, तरी तो हाताला लागेना. शेवटी वाजवणं संपलं आणि ह्यांची एक ओळ उरली. ती त्यांनी नुसतीच, काही न वाजता म्हणून पूर्ण केली. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी हात जोडून ह्यांना कडेला नेलं, मास्तरांच्या शेजारी.

मी खुर्चीतच बसून राहिले. ते गाणं मी मूळ गायकाच्या आवाजात कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. रोज सकाळी ऐकत होते ते ह्यांचं. माझ्या कानात ते गाणं तिथूनच सुरू होत होतं, जिथून हे सुरू करायचे.

परत येताना हे स्कूटर चालवत होते, मी मागं. सिग्नलला थांबलो तेव्हा मान न वळवता म्हणाले, "तू उशिरा मान हलवलीस."

"तुम्ही रोज तिथंच सुरू करता," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले.

आता त्यांनी मान वळवली. "रोज? म्हणजे एवढे दिवस मी रोज चुकतोय?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कादंबरी चांगली चालली होती," मी म्हणाले.

"काय?" हे म्हणाले. "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही मला."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. आजूबाजूला गाड्या उभ्या होत्या, माणसं बघत होती, आणि मला माझं उत्तर पुन्हा एकदा, ओरडून सांगावं लागलं.